मी सांगितलेलं लंघन

बंड्याच्या कपाळावर कुंकू होतं आणि गळ्यात झेंडूची माळ होती. देवघराच्या उंबऱ्याशी पुढचे दोन्ही पाय लांब पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि ढुंगण वर करून तो उभा होता. समोर सातआठ माणसं हात जोडून बसली होती. एक बाई मोबाइलवर फोटो काढत होत्या.

"अगदी वेळेवर आलात, डॉक्टरबाई," अनंतगुरुजी म्हणाले. "सकाळपासूनचा हा पाचवा नमस्कार. पितृपक्षात मुक्या जिवाला अशी बुद्धी व्हावी म्हणजे..."

या गोष्टीला दहाबारा वर्षं झाली. अनंतगुरुजी पंचवटीत राहतात. बाहेरगावाहून येणाऱ्या यजमानांचे श्राद्धविधी सांगणं हे त्यांच्या घराण्याचं काम. मी जनावरांची डॉक्टर. त्या दिवशी त्यांच्याच गल्लीतल्या एका गाईला तपासून परत निघाले होते, तेवढ्यात गुरुजींनी "दर्शन घेऊन जा" म्हणून हाक मारली. त्यांची माझी तोवर तोंडओळखच होती.

मी बंड्याजवळ बसले आणि त्याच्या पोटाला हात लावला. पोट लाकडासारखं कडक लागलं. तो कण्हला आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी तीस वर्षांत शेकडो कुत्र्यांच्या डोळ्यांत पाहिली आहे, आणि तिच्यात भक्ती अजिबात नसते.

"गुरुजी, हा नमस्कार करत नाहीये. याचं पोट दुखतंय. एवढं दुखतंय की त्याला नीट बसताही येत नाही आणि झोपताही येत नाही. आधी ती माळ काढा."

माझा स्वभाव चिडका आहे. माझ्या दवाखान्यात येणारी माणसं आधी माझा चेहरा बघतात आणि मग कुत्रं टेबलावर ठेवायचं की नाही ते ठरवतात. त्या दिवशी मी सगळ्या दर्शनार्थींना बाहेर काढलं. फोटो काढणाऱ्या बाई जाता जाता म्हणाल्या, "नास्तिक दिसतेय." मी नास्तिक नाही. उलट ज्या गोष्टीपुढे मी मनापासून हात जोडते ती त्या क्षणी बंड्याच्या पोटात सुजून बसली होती.

"उलट्या कधीपासून?"

"काल रात्रीपासून. आम्हाला वाटलं, पित्त झालं असेल," गुरुजींच्या पत्नी सुमनकाकू आतून म्हणाल्या.

"खाल्लं काय होतं?"

यावर नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. श्राद्धाच्या स्वयंपाकातून गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा असे घास वेगळे काढतात. गल्लीत पाळलेला कुत्रा एकच, आणि पितृपक्षात रोज निदान पाच घरी श्राद्ध. म्हणजे बंड्याला रोज पाच घरचं पान. प्रत्येक पानावर तळलेले वडे, साजूक तुपातली खीर, वर आणखी तूप. कुत्र्याने पान चाटूनपुसून साफ केलं की घरचे लोक समाधानाने म्हणायचे, पितर तृप्त झाले. आठ दिवस हे चाललं होतं. पितर तृप्त झाले असतीलही, पण बंड्याच्या स्वादुपिंडाने हात टेकले होते.

"काय म्हणालात? कुठला पिंड?" गुरुजींनी विचारलं. आयुष्यभर पिंडदान सांगणाऱ्या माणसाचे कान त्या शब्दाला टवकारणारच.

त्या माणसाला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. जठराच्या कडेने आणि आतड्याच्या पहिल्या वळणात एक फिकट गुलाबी, लांबट ग्रंथी असते. कुत्र्यात असते, मांजरात असते, तुमच्याआमच्यातही असते. तिचं काम पाचक रस तयार करणं. हा रस मांस पचवतो, चरबी पचवतो. पण ती ग्रंथी स्वतःही मांसाचीच आहे! मग ती स्वतःला का पचवत नाही? कारण ती आपला रस कुलूप लावून ठेवते. ते कुलूप उघडणारी किल्ली ती स्वतःजवळ ठेवत नाही, ती आतड्यात असते. रस आतड्यात पोचला की कुलूप उघडतं आणि पचन सुरू होतं. प्रत्येक घासाला हे घडतं, आणि कुणाला त्याची खबरही नसते. कॉलेजात हे पहिल्यांदा समजलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आजही एखाद्या निवांत दुपारी आठवलं की येतो.

कधीकधी मात्र ते कुलूप आतल्या आतच उघडतं. फार तुपकट, तळकट खाल्ल्याने उघडतं, कधी कशाने उघडलं ते कळतही नाही. मग ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. ती सुजते, शेजारच्या अवयवांनाही झळ लागते. कुत्रा ओकतो, अन्नाकडे पाठ फिरवतो आणि पोटाला जरा आराम मिळावा म्हणून बंड्यासारखा वाकून उभा राहतो. आमच्या पुस्तकांतही त्या अवस्थेला प्रार्थनेची मुद्राच म्हणतात, त्यामुळे गुरुजींची चूक तशी फार मोठी नव्हती. मी निफाडकडची, द्राक्षबागायतदाराच्या घरातली. आमच्याकडे हाच आजार मटणाच्या पंगतीनंतर येतो. एका शेतकऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, "कुत्र्याला मटण बाधतंय व्हय? काय बी सांगता बाई तुमी. लय येळा खाल्लंय त्यानं." खाल्लं होतं खरं, पण एकदम दोन किलो चरबी खाल्ली नव्हती.

बंड्याला दवाखान्यात आणलं. शिरेतून सलाइन, दुखणं थांबवायची इंजेक्शनं, उलटीची इंजेक्शनं सुरू केली. आणि त्या काळात आम्हाला जे शिकवलं होतं ते सांगितलं: तोंडाने काहीही द्यायचं नाही. ग्रंथीला विश्रांती मिळाली पाहिजे. अन्न दिसलं, अन्नाचा वास आला, तरी ती रस सोडते, म्हणून अन्न बंद.

"म्हणजे लंघन," गुरुजी म्हणाले.

"हो, लंघनच. चार दिवस."

तो शब्द ऐकून त्यांचा चेहरा जो उजळला तो मी विसरणार नाही. डॉक्टर म्हणजे गोळ्या आणि सुया, अशी त्यांची समजूत. आणि इथे इंग्रजी शिकलेली, तोंडाने फटकळ अशी बाई त्यांच्या वाडवडिलांच्या ओळखीचा उपाय सांगत होती. उपवास हा त्यांचा प्रांत. चतुर्थी, एकादशी, प्रदोष, सोमवार असे सगळे धरले तर महिन्यातले जेवणाचे दिवसच मोजावे लागतील. चार दिवस ते सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात येऊन बंड्याजवळ बसत. तिसऱ्या दिवशी सुमनकाकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "यांनीही काही खाल्लं नाहीये. म्हणतात, तो उपाशी असताना माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?"

मला त्याचं हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. त्याहून जास्त म्हणजे, मला बरं वाटलं. माझा शब्द कुणी इतका मनावर घेतला नव्हता.

पाचव्या दिवशी बंड्याने मऊ भात खाल्ला. घरी गेला आणि पुढे सहा वर्षं व्यवस्थित जगला. श्राद्धाचा घास त्याच्यापुढे पुन्हा कुणी ठेवला नाही. गुरुजींनी गल्लीभर सांगितलं, घाटावर सांगितलं, येणाऱ्या यजमानांना सांगितलं: कुत्रं आजारी पडलं की लंघन, डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलंय. पंचवटीतून माझ्याकडे माणसं यायला लागली ती "लंघनवाल्या बाई" अशी विचारत विचारत. मला ते नाव आवडायचं.

त्यानंतर काही वर्षांनी पुण्यात आम्हा डॉक्टरांचं एक शिबिर होतं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान अशी एक मुलगी स्वादुपिंडावर बोलायला उभी राहिली. तिने एकेक करून सगळं मांडलं. उपाशी ठेवल्याने ग्रंथीला विश्रांती मिळते हे दिसून येत नाही. उलट आतड्याचं अस्तर उपासमारीने दुबळं होतं आणि आतले जंतू रक्तात शिरू शकतात. उलटी थांबवा, दुखणं थांबवा आणि जितक्या लवकर जमेल तितकं, थोडंथोडं, कमी चरबीचं खायला घाला. मांजराच्या बाबतीत तर उपास हा धोकाच. मांजर काही दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृताकडे धावत सुटते आणि यकृत त्या चरबीने तुंबतं. स्वादुपिंडाने मरणार नसेल ते उपासाने मरतं.

मी मागच्या रांगेत बसले होते. मनाशी एकेक कुत्रा आठवत होते. बंड्याही आठवला. तो लंघनामुळे बरा झाला नव्हता, लंघन असूनही बरा झाला होता.

नाशकात परतले आणि दुसऱ्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. यात मी एक दिवसही घालवला नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. माझ्या दवाखान्यात तो शब्द बंद झाला. दवाखान्याबाहेर तो चालूच होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. एकदोनदा आलं. पण जुन्या माणसांना गाठून "मी तेव्हा सांगितलं ते चूक होतं" असं सांगायला कोण जातं? मी तर नाही गेले.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी दवाखान्याचं शटर उघडलं तर पायरीवर गुरुजी बसलेले. आता सत्तरीच्या पुढचे, शालीत गुरफटलेले, मांडीवर वेताची टोपली. बंड्या गेल्यानंतर त्यांच्याकडे एक पांढरीशुभ्र मांजर आली होती. पिठाच्या डब्यामागे सापडली म्हणून तिचं नाव पिठी. लाडाने चांगली गुबगुबीत झाली होती. टोपलीतली पिठी मात्र रिकाम्या पिशवीसारखी पडली होती.

"कधीपासून खात नाही?"

"आज सहावा दिवस."

तिचे कान मी उलटे करून पाहिले. आतून पिवळेजर्द. हिरड्या पिवळ्या, डोळ्यांचे पांढरे भाग पिवळे.

"ती हळद आहे," गुरुजी घाईने म्हणाले. "परवा हळदीकुंकवाचं तबक हिने पालथं केलं. आमच्या घरातली रोज ओल्या फडक्याने पुसतेय, पण निघत नाही."

"निघणार नाही. ती आतून आलीय. कावीळ आहे." आणि मग नेहमीसारखा माझा आवाज चढला. "सहा दिवस! मांजर सहा दिवस जेवत नाही आणि तुम्ही घरात बसून राहता? पहिल्या दिवशीच का नाही आणलंत?"

"दोन दिवस तिने स्वतःच सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी थोडं दूध चाटायला लागली होती," गुरुजी म्हणाले. "पण एक उलटी झाली, म्हणून ते आम्ही बंद केलं."

"बंद केलं? कुणी सांगितलं तुम्हाला बंद करायला?"

गुरुजींनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत तक्रार नव्हती, थोडंसं आश्चर्य होतं.

"तुम्हीच," ते म्हणाले. "लंघन."

दवाखान्यात आम्ही दोघेच होतो. त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "अहो, ते कुत्र्यासाठी होतं. मांजराचं वेगळं असतं."

वाक्य खोटं नव्हतं. मांजराचं वेगळं असतंच. पण त्या अर्ध्या वाक्याने सगळी चूक माझ्या टेबलावरून उचलली गेली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन पडली. त्यांनी टोपलीच्या काठावर हात ठेवला. बोटं थरथरत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तेही तीन दिवसांचे उपाशी आहेत. मी त्यांना बळेबळे साखर घातलेला चहा आणि दोन बिस्किटं दिली, आणि तपासण्यांना लागले. मान खाली घालायला काहीतरी काम हवंच होतं.

रक्ताचे थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकले, सोनोग्राफी केली. स्वादुपिंड सुजलेलं होतं आणि यकृत चरबीने भरलं होतं. अशा मांजराला वाचवायचा मार्ग एकच: पोटात अन्न गेलं पाहिजे. तिला भूक लागायची वाट बघायची नाही, कारण ती लागणारच नसते. भूल देऊन मानेच्या बाजूने एक मऊ नळी अन्ननलिकेत बसवायची, आणि सिरिंजने त्या नळीतून पातळ अन्न हळूहळू सोडायचं. दिवसातून पाचसहा वेळा, काही आठवडे.

"काय अन्न?" गुरुजींनी विचारलं.

इथे मी थांबले. समोर बसलेल्या माणसाच्या घरात कांदालसूणही येत नाही, हे मला माहीत होतं.

"मांसाचं. डब्यात तयार मिळतं, त्यात कोमट पाणी मिसळायचं."

"तांदळाची पेज चालणार नाही?"

"नाही."

"मुगाचं कढण? दूध?"

"गुरुजी, देवाने मांजर मांस खाण्यासाठीच घडवलंय. तिचं यकृत सुधारायला जे लागतं ते पेजेत नाही. तुम्ही तिला माझ्याकडे ठेवा. आम्ही भरवू."

ते म्हणाले, "इथे कुत्री भुंकतात. ती घाबरून आणखी मिटेल. शिवाय उपाशी मी ठेवलंय, डॉक्टरबाई. भरवायचंही मीच."

मी त्यांना शिकवलं. आधी थोडं पाणी सोडून नळी मोकळी आहे ना ते बघायचं. अन्न अंगाला सोसवेल इतपतच कोमट. दहा मिनिटं लावून सोडायचं, घाई केली तर उलटी होते. शेवटी पुन्हा पाणी. पहिल्या दिवशी अगदी थोडं, कारण उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं तर तेही जिवावर बेततं. गुरुजी एखादा मंत्र पाठ करावा तसे माझे शब्द माझ्यामागून म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी नळीवरची पट्टी बदलायला मी त्यांच्या घरी गेले. सुमनकाकूंनी सुरुवातीलाच बजावलं होतं की तो डबा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. म्हणून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सगळी मांडामांड केली होती. एका पाटावर सिरिंज, कोमट पाण्याचं भांडं, झाकलेला डबा, स्वच्छ फडकी ओळीने मांडलेली. पूजेची तयारी असते तितकी नेटकी. शेजारी एक वही होती. मी उघडून पाहिली. "मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. सकाळी सहा. पंधरा मिली. उलटी नाही. शेपटी एकदा हलली." प्रत्येक नोंद अशीच, तिथीसकट. तीस वर्षं मी तक्ते लिहिले आणि लिहून घेतले, पण शेपटी हलल्याची नोंद कधी कुणी ठेवली नव्हती.

गुरुजी आले ते ओल्या केसांनी. भरवून झालं की आंघोळ करून मगच ते घरात यायचे. म्हणजे नाशिकच्या थंडीत दिवसाला सहा आंघोळी, त्याही थंड पाण्याने. विधी सांगायचं काम त्यांनी चुलतभावाकडे सोपवलं होतं. "हे हात या दिवसांत दुसऱ्यासाठी पिंड वळायचे नाहीत," ते म्हणाले. "हे हात सध्या हिचे." वास त्यांना सोसत नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी सिरिंजचा दट्टा ते इतका हळू दाबत होते की तो सरकतोय हेही कळत नव्हतं. दहा मिनिटं त्यांची नजर पिठीच्या चेहऱ्यावरून हलली नाही. मी भिंतीला टेकून बघत राहिले. माझा जन्म मटण खाणाऱ्या घरातला, मला त्या डब्याचं काहीच वाटत नाही. ज्याला सगळंच वाटत होतं तो माणूस एक शब्दही न बोलता ते करत होता, आणि का करत होता हे मला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी पिठीने पोटात गेलेलं सगळं ओकून टाकलं. गुरुजींचा फोन आला. "डॉक्टरबाई, ती आता डोळे उघडत नाही. हिने तुळशीचं पान आणून ठेवलंय." मी स्कूटर काढली आणि गेले. पिठी गार पडली होती. सलाइन, इंजेक्शन, गरम पाण्याच्या पिशव्या. अन्नाचं प्रमाण निम्मं, वेळा दुप्पट. सोवळ्यातल्या सुमनकाकू खाली उभ्या होत्या. मी जिना उतरून आणखी गरम पाणी मागितलं, तर त्या पाणी घेऊन स्वतःच वर आल्या, खाली बसल्या आणि पिठीला पदराखाली घेतलं. "मी धरते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नळीचं बघा." त्यानंतर त्यांच्याही आंघोळी सुरू झाल्या.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं, ही वाचली तर खरं सांगायचं. मग स्वतःचीच लाज वाटली. ही मेली तर सांगायचं नाही की काय? तेव्हा तर जास्तच सांगायला हवं. पण जीभ उचलत नव्हती. दिवस जात होते. कानांचा पिवळा रंग हळूहळू फिका पडत होता, आतून कुणीतरी रोज थोडा पुसून काढत असावं तसा. यकृताची ही गोष्ट मला अजून नीट समजलेली नाही. पेशीन् पेशी चरबीने गच्च झालेली असते, आणि नुसतं वेळेवर अन्न मिळत गेलं तर तो अवयव स्वतःला पुन्हा जसाच्या तसा उभा करतो. आम्ही डॉक्टर फक्त वाट मोकळी ठेवतो. बाकीचं कोण करतं ते मला सांगता येणार नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सातला फोन आला. पलीकडे कुणी बोलेना. मला वाटलं, संपलं. मग हुंदका आवरत गुरुजी म्हणाले, "चाटलं. बोटाला लागलं होतं थोडं, ते चाटलं. मी बोट मागे घेतलं नाही. अजून चाटतेय."

मी तशीच गेले. ते पत्र्याच्या खोलीत दोन्ही हात पुढे करून बसले होते आणि पिठी त्यांच्या तळव्यातलं अन्न खात होती. खाताना तिच्या घशातून गुरगुर येत होती. मी आयुष्यात खूप मांजरं खाताना पाहिली आहेत, पण त्या सकाळी नजर हलवावीशी वाटेना. मी जमिनीवर बसले.

"देवाने माझं पाप धुतलं," गुरुजी म्हणाले.

ते ऐकलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"पाप तुमचं नव्हतं, गुरुजी. मी तुम्हाला त्या दिवशी अर्धंच सांगितलं. लंघन कुत्र्यालाही द्यायचं नसतं. बंड्यालाही द्यायला नको होतं. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं, ते चूक निघालं. ते चूक आहे हे मला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. मी स्वतः सोडून दिलं, पण तुम्हाला येऊन सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ही उपाशी राहिली नसती."

ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे बंड्या चार दिवस उगाच उपाशी राहिला?"

"हो."

"मी अजून सगळ्यांना तेच सांगतो," ते म्हणाले. पिठीने तळवा साफ केला तसे ते उठले, नळाखाली हात धुतले आणि शाल घेतली. आंघोळीला थांबले नाहीत. "चला."

"कुठे?"

"ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांच्याकडे. मला घरं आठवतात."

आम्ही गल्लीत उतरलो. पहिल्या घरी गुरुजी दारातूनच म्हणाले, "कुत्र्यामांजराला लंघन द्या म्हणून मी सांगितलं होतं. माझं चुकलं. देऊ नका. खाणं सुटलं की लगेच डॉक्टरांकडे न्या." घरातली माणसं गोंधळली, त्यांना चहाला बोलवायला लागली. ते पुढच्या दाराशी गेले. तिथेही तेच, पुन्हा "माझं चुकलं." माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी त्यांच्या मागे पाहुणी असल्यासारखी चालत होते. माझा आवाज रोज दवाखान्यात चढायचा, तो नेमका तेव्हा निघाला नाही.

पाचवं दार एका मावशींनी उघडलं. गुरुजींना बघून त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं आलात. आमच्या मोत्याचं आज तिसरं लंघन. उलट्या पहिल्याच दिवशी थांबल्या, पण तुम्ही चार दिवस म्हणाला होतात ना, म्हणून काही दिलं नाही. आता सारखा भांडी चाटतोय हो."

आत न्हाणीघराशेजारी साखळीला बांधलेला तांबूस कुत्रा आमच्याकडे बघून शेपूट हलवत होता. गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मावशी, हे मी सांगितलं होतं. गुरुजींनी नाही. मी डॉक्टर आहे आणि माझं चुकलं. मी त्याला तपासते, तोवर तुम्ही थोडा भात मऊ शिजायला टाका. बिनतुपाचा."